हिरव्या बटनातली पाचर

माझं मूळ गाव राहुरीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीच्या काठाला, निम्मं शिवार आता धरनाच्या पान्याखाली गेलं. आमच्या बापाची मोट हुती. बैलं धावंच्या उतारावरनं खाली जायाची, पुन्हा मागं मागं सरत वर यायाची, दिवसभर त्येच, आन् बाप मोटंच्या नाड्यावर बसून गानं म्हनायचा, मी थारोळ्यापाशी, मोट उपडी व्हायची तिथं, पानी वळवायचो. मग गावात तार आली, खांब आले, विहिरीवर मोटर बसली आन् बापानं मोट गोठ्यात टांगली ती टांगलीच. मला त्या मोटरीचं येड लागलं. ती खात न्हाई, दमत न्हाई, कुठं जात बी न्हाई, आन् पानी मात्र काढती. तिच्यापायी गाव सोडलं, नगरला एका उस्तादाकडं राहून रिवाइंडिंग शिकलो, म्हंजे जळालेल्या मोटरीतली तार काढायची आन् नवी भरायची. हात बरा निघाला. हौसाशी लगीन झालं, माळीवाड्याच्या मागं एक खोली घेतली, पाटी कधी लावली न्हाई, दारात मोटरी पडलेल्या दिसल्या की मानूस आपसूक आत यायचा.

मी पाचर का मारीत न्हाई, हे तुमी इचारलं म्हनून सांगतो, न्हाईतर मी बोलनारा मानूस न्हाई. आमची हौसा म्हनती, ह्यांच्या तोंडाची लाईट कायमची गेलेली. पन आता जे बोलायला बसलोय ते आधी मी जिथं बोलायला पायजे तिथं बोललोय, म्हनून तुमच्यापुढं जीभ उचलती, न्हाईतर उचलली नसती.

आधी पाचर म्हंजे काय ते सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. विहिरीवरच्या मोटरीला स्टार्टर असतो, लोखंडी डबा, त्याला एक हिरवं बटन आन् एक तांबडं. हिरवं दाबलं की आत खट वाजतं, मोटर चालू. लाईट गेली की तो डबा आपला आपन सुटतो, आन् लाईट परत आली तरी मोटर चालू हुत न्हाई, पुन्हा कोनीतरी जाऊन हिरवं दाबावं लागतं. कंपनीनं ते मुद्दाम तसं केलेलं असतं. पन आमच्या भागात लाईट येनार कवा, ते कोनाला ठाव असतं? शेतकरी जागत बसायचा, अंधारात विहिरीवर जायाचा, वाटंवर इचूकाटा. मग युक्ती काय, तर हिरवं बटन दाबून धरायचं आन् त्याच्या कडंला बांबूची चिपटी ठोकायची, की बटन वर यायलाच नको. लाईट आली की मोटर आपोआप चालू. मानूस घरी झोपलेला आन् तिकडं उसाला पानी चाललेलं. ही पाचर मी गावोगाव मारली. लोक मला पाचरवाला मिस्त्री म्हनायचे आन् मला त्याचं लई बरं वाटायचं. माझ्या पाचरीनं किती मानसं अंधारात विहिरीवर जायची वाचली, हे मी मनात धरून बसलेलो हुतो.

मग दुष्काळ पडला. पहिलं साल कसं तरी निघालं, दुसऱ्या साली विहिरींचा तळ दिसाया लागला, आन् विहिरीत पानीच न्हाई म्हनल्यावर मोटर जळनार कशी आन् माझ्याकडं येनार कोन? दारातल्या मोटरी लोक घेऊन गेले ते गेले, दार मोकळं झालं. माझा भाऊ सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला हुता, एकदा भेटायला गेलो तर वळखू आला न्हाई, डोक्यापासनं पायापर्यंत धुळीनं पांढरा, फकस्त डोळे तेवढे त्याचे. हसला आन् म्हनला, ये की बबन्या, तुझ्यासाठी हातोडा ठिवलाय. हसन्यावारी म्हनला, पन त्या दिवसापासनं माझ्या पोटात भीतीचा गोळा बसला. तो गोळा ध्यानात ठेवा. माझ्या हातनं पुढं जे झालं ते मी काय पैशाच्या हावंनं केलं न्हाई, त्या गोळ्यानं केलं. तरी केलं ते मीच.

असं बसलेलो असताना एक दिवस साळवे बाई दारात आल्या. पांढरं लुगडं, डोळ्याला चष्मा, हातात छत्री. त्यांचे मालक साळवे सर म्हंजे नगरात गनिताचे मास्तर म्हनून मोठं नाव, पुढं हेडमास्तर झाले, रिटायर झाले. ख्रिश्चन मानसं, स्टेशन रोडच्या अंगाला त्यांचा कौलारू बंगला. बाई बी शाळेतच शिकवायच्या. बाई म्हनल्या, मिस्त्री, तुम्ही चालायचं मशीन दुरुस्त करता का? मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हनलं, बाई, चालायला मशीन कशाला लागतं, पाय हायेत की देवानं दिलेले. तर म्हनल्या, यायचं नसेल तर नाही म्हणा, मला उन्हात परत जायचंय.

गेलो. तर खरंच चालायचं मशीन. काय सांगू तुमाला, एक लांब चौकट, त्यावर रबराचा काळा पट्टा, पुढं-मागं रूळ, खाली मोटर, वर धरायला दांडा. मोटर रूळ फिरवती, रूळ पट्टा फिरवतो, पट्टा मागं पळतो आन् मानसानं त्यावर पुढं पुढं चालायचं, जागचं हालायचं न्हाई. मला आमची मोटंची बैलं आठवली, पन बोललो न्हाई. त्यांचा पोरगा पॉल अमेरिकेत, त्यानं बोटीनं मुंबईला धाडलेलं, तिथनं ट्रकमधी इथं. बाई म्हनल्या, एवढी लांब पेटी उतरवली तेव्हा मला वाटलं पोरानं बापासाठी आत्ताच शवपेटी पाठवली. सर पलीकडं खुर्चीत हुते, ते म्हनले, मापाला बरोबर आहे, वाया नाही जायची.

सरांना साखरेचा आजार. त्यानं डोळे गेलेले, म्हंजे उजेड-सावली कळायची, तोंड कळायचं न्हाई. डॉक्टर म्हनायचे, रोज चाला, न्हाईतर साखर पाय बी खाईल. बाई हात धरून रस्त्यानं न्यायच्या, पन सर जाईनात. कारन काय, तर रस्त्यानं पदोपदी जुनी पोरं सलाम करायची, सलाम सर, वळखलं का सर, आन् ज्या मानसानं एकेका पोराचं नाव, बापाचं नाव, गाव ध्यानात ठेवलं, त्याला आता समोर कोन हाय ते कळंना. ते त्यांना सोसायचं न्हाई. म्हनून पोरानं हे घरात चालायचं मशीन धाडलं. शेजारच्या कोनीतरी ते सरळ भिंतीत खुपसलं, अमेरिकेची लाईट आपल्या निम्मी असती हे कोनाला ठाव, आन् पहिल्याच दिवशी भसकन धूर.

मोटर उघडली तर आत सगळा कोळसा. बारीक, देखनी मोटर, तार केसासारखी. मी आपल्या लाईटला चालंल अशी नवी तार भरली. जोडली, फिरली. मग पट्टा डावीकडं सरकायला लागला, चौकटीला घासायला लागला. मी उजवीकडचा बोल्ट आवळला, तर अजून डावीकडं गेला. डोकं खाजवलं, मग समजलं की पट्टा जिकडं पळतो तीच बाजू आवळायची, पलीकडची न्हाई. तेवढं जमलं तर पट्टा खालच्या फळीला धरायला लागला, मानूस वर उभा राहिला की मोटर कन्हायची. मी म्हनलं, बाई, मेन हाय का? त्यांनी नाताळातल्या मेनबत्त्यांचे तुकडे आनून दिले, ते पट्ट्याखाली फळीला चोळले, पट्टा लोन्यासारखा सरकाया लागला. सर पाय ठेवून म्हनले, मिस्त्री, हे तर नाताळावर चालल्यासारखं वाटतंय. घरात हसनं झालं. मला लई दिवसांनी मोटरीच्या कामानं असं सुख लागलं.

राहिलं बटन. त्या मशीनचं मूळचं बटन जळून गेलेलं, तसलं मुंबईत बी मिळंना. मग माझ्याकडं विहिरीचा एक जुना स्टार्टर पडला हुता, तो त्या दांड्याच्या खाली बसवला. अमेरिकेच्या मशीनला राहुरीचा स्टार्टर. आन् इथंच घात झाला बघा. त्या साली धरनांतनं बी पानी न्हाई, लाईट नीट येईना, आली तरी मरगळलेली, दिवा नुसता तांबडा. लाईट जरा दबली की स्टार्टर सुटायचा, सर चालता चालता पट्टा थांबायचा, ते पुढं झोकांडी खायचे, आन् हिरवं बटन त्यांना दिसायचं न्हाई म्हनून बाईंना हाक मारायचे. बाई चुलीपासनं हात पुसत यायच्या. एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा सर म्हनले, मिस्त्री, हे मशीन माझ्यापेक्षा जास्त दमतं. मला लाज वाटली. मी खिशातली चिपटी काढली, हिरवं बटन दाबलं आन् पाचर मारली.

हाताला सवय हुती. डोक्याला इचारलंच न्हाई. बाई म्हनल्या, हे लाकूड कशाला? मी म्हनलं, आता मधेच थांबायचं न्हाई, चालू-बंद सगळं भिंतीवरच्या बटनावर. त्या म्हनल्या, एवढ्याशा लाकडानं अमेरिकेला सरळ केलं की हो तुम्ही. मी खूश हुन घरी आलो.

पुढं आठवडा गेला नसंल, मी दुकानात बसलेलो, शेजारी पिठाची गिरनी. लाईट गेली, गिरनी थांबली. एक बाई जात्याच्या तोंडात अडकलेलं धान्य हातानं मोकळं करायला वाकली आन् गिरनीवाला वरडला, ए मावशे, हात काढ, बटन चालू हाय, लाईट आली म्हंजे? तिनं हात काढला, काय झालं न्हाई. पन माझ्या डोळ्यापुढं सरांचा पट्टा आला. विहिरीवरच्या मोटरीवर कोनी उभं नसतं. तिथं लाईट आली आन् मोटर आपोआप फिरली तर पानीच येतं. पन सरांच्या घरी त्या पट्ट्यावर आंधळा मानूस उभा. लाईट गेली, पट्टा थांबला, ते दांडा धरून उभे राहनार, आन् लाईट आली की पायाखालची जमीन निघून जानार, खट, सांगनार बी न्हाई. आन् ते मी केलेलं.

सायकल काढली. तशी भीती मला आयुष्यात कवा लागली नव्हती, पायडल मारताना दुकानांतल्या दिव्यांकडं बघत चाललो, लाईट हाय का, अजून हाय का. फाटकातच पट्ट्याचा आवाज आला. सर चालत हुते, बाई शेजारी स्टुलावर बसून त्यांचं शास्त्र, बायबल, वाचून दाखवत हुत्या. आन् समोर खुर्चीत सरांच्या शाळेचे कारभारी बसलेले. मला बघून बाई म्हनल्या, या, तुमचंच नाव चाललं होतं. सर चालता चालता कारभाऱ्यांना सांगत हुते की सगळ्या शाळेचे पंखे, नळावरची मोटर, सगळं ह्या माणसाच्या हातात द्या, याच्यासारखा हात नगरात नाही. कारभारी माझ्याकडं बघून हसले.

आता सांगा. मी तिथं उभा. एवढंच म्हनायचं हुतं, सर, खाली उतरा, माझी चूक झाली. तोंड उघडलं तर भाऊ दिसला मला, पांढरा, हातोडा घेतलेला. मनात म्हनलं, कारभारी जाऊ दे, सर उतरू दे, मग हळूच पाचर काढतो, कोनाला कळायचं न्हाई. चहा आला. कारभारी उठंनात. सर उतरंनात, त्यांना त्या दिवशी चालायला हुरूप आलेला. चहा प्यालो, त्या पट्ट्याचा आवाज ऐकत प्यालो, आन् म्हनलं, उद्या सकाळी येतो, जरा तेल द्यायचंय. बाई म्हनल्या, या.

घरी जेवलो न्हाई. हौसा म्हनली, काय झालंय? मी म्हनलं, काय न्हाई. मला ते दोन शब्द लई चांगले येतात.

सकाळी निघालो तर रस्त्यातच लाईट गेली. पंखे थांबले, रेडिओ थांबले, आन् सगळा रस्ता एकदम गप झाला. मी सायकल अशी हानली की चेन तुटंल. बंगल्यापाशी आलो तर बाई कुंपनाजवळ उभ्या, शेजारनीला इचारत हुत्या, तुमची पण गेली का हो, का आमचाच फ्यूज? म्हंजे सर आत एकटे. बाईंनी त्यांना सांगितलेलं असायचं, मी धरल्याशिवाय उतरायचं नाही, म्हनून ते पट्ट्यावरच उभे राहनार. मी सायकल टाकली. पायरीवर पाय ठेवला आन् आतला पंखा फिरल्याचा आवाज आला.

खट झालं. पट्टा पळाला. आन् मग काहीतरी पडल्याचा आवाज.

मी आत पळालो. सर मशीनच्या मागं पडलेले, एक पाय रूळ आन् चौकटीच्या फटीला, पट्टा त्या पायाला घासत फिरतोय. मी भिंतीवरचं बटन बंद केलं. एवढं बरोबर केलं. त्याच्या पुढचं ऐका. सरांना उचलायच्या आधी मी स्टार्टरपाशी गेलो आन् पाचर उपसून खिशात टाकली. मानूस खाली पडलेला, कन्हतोय, कोण आहे, कोण आहे म्हनून हात पुढं करतोय, आन् मी पाचर काढतोय. मग वाकलो, मग त्यांचा पाय सोडवला. तवर बाई धावत आल्या. त्या म्हनल्या, कसं झालं, कसं झालं हे? आन् मी त्यांना म्हनलं,

बाई, लाईट गेल्यावर भिंतीवरचं बटन बंद करायला पायजे हुतं.

एवढंच वाक्य. त्यात काय खोटं न्हाई. म्हनून तर ते इतकं बसलं त्यांच्यावर. बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले.

जखम काय मोठी नव्हती. घोट्यापाशी साल निघालेलं, एवढंसं. सर आयोडीन लावताना म्हनले, बघा, पोरानं अमेरिकेतून लाथ मारली बापाला. आमी हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. घरी जाताना वाटलं, सुटलो.

पन साखरेच्या मानसाची जखम ती. मी एक दिवस आड जायाचो, मशीनचं निमित्त काढून. मशीनवर चादर टाकलेली, कोनी त्याला हात लावत न्हाई, तरी मी आपला बोल्ट बघतो, तेल देतो, आन् डोळा सारखा त्या पायाकडं. पहिल्यांदा लाल, मग जांभळं, मग कडा काळ्या. मला मोटर जळायच्या आधीचा वास कळतो, आतली तार तापली की बाहेर काय दिसत न्हाई पन नाकाला कळतं. तसा त्या खोलीत एक दिवस वास आला. बाई पट्टी बदलत हुत्या, त्यांना रोजच्या सवयीनं आला नसंल. मला आला. मी बाहेर येऊन कुंपनाला धरून उभा राहिलो. तेव्हा बी बोललो न्हाई. म्हनायचो, बरा झाला की सांगू. पाय काळा पडला तवा म्हनायचो, आता सांगून काय हुनार?

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनले, जीव ठेवायचा तर पाय जाईल. गुडघ्याखालनं काढला.

सर जगले. देवाची दया. पन बाई त्या पडल्याच्या दिवसापाशीच थांबल्या. घर सोडून कुठं जाईनात. रविवारची चर्चमधली भक्ती त्यांनी जन्मात चुकवली नसंल, ती सुटली. बाजार शेजारीन आनायची. सरांना एक घटकाभर एकटं सोडायचं न्हाई, न्हानीत गेल्या तरी दार उघडं ठेवून सारखं बोलत राहायच्या, म्हंजे सरांना कळावं की हाय मी. आन् जो कोनी घरी येईल त्याला सांगायच्या, पोस्टमन येवो, दूधवाला येवो, सरांचा पाय माझ्यामुळं गेला, मी भिंतीवरचं बटन बंद करायला विसरले. माझं वाक्य ते. मी दिलेलं. ते मी त्यांच्या तोंडातनं किती वेळा ऐकलं. सर म्हनायचे, अगं पुरे, त्यात तुझा काय दोष? त्या म्हनायच्या, मिस्त्री साक्षीला आहेत. आन् माझ्याकडं बघायच्या.

मी व्हय म्हनून मान हलवायचो.

शाळेचं काम मला मिळालं हुतं. मग पाऊस पडला, विहिरी भरल्या, दारात मोटरी आल्या, मानसं म्हनायची मिस्त्रीचे दिवस पालटले. शेतकरी म्हनायचे, पाचर मारून दे की. मी म्हनायचो, मारीत न्हाई. ते दुसऱ्याकडनं मारून घ्यायचे. आन् लाईट गेली ना, की मी आसंल तिथं उभा राहतो. जेवत आसलो तर ताटावरनं. लाईट येईस्तवर मला बसवत न्हाई. हौसा पहिल्यांदा हसायची, मग एक दिवस म्हनली, तुमी कोनाला मारून तर आला न्हाई ना? मी म्हनलं, काय न्हाई.

मग औंदा उन्हाळ्यात बाईंचा निरोप आला, ते मशीन घेऊन जा, घरात नको. मी हातगाडीवाल्याला घेऊन गेलो. सर खुर्चीत, धोतराची एक बाजू मोकळी. मी पट्टा सोडवला, रूळ काढले. तो हातगाडीवाला नवीन मानूस, त्यानं बाईंना सहज इचारलं, हे कशाचं हो मशीन? आन् बाईंनी सुरू केलं. हे चालायचं मशीन, सरांचा पाय याच्यात गेला, माझ्यामुळं, मी भिंतीवरचं.

मला काय झालं ते मला सांगता येत न्हाई. हातातला पाना खाली ठेवला. हातगाडीवाल्याला म्हनलं, तू बाहेर जाऊन बस. तो गेला. मग मी म्हनलं, बाई, तुमी काय बी विसरल्या नव्हत्या. लाईट गेली की ते बटन बंद करायचं, हे मी तुमाला कधी सांगितलंच नव्हतं. ती मोटर आपोआप चालू व्हायलाच नको हुती, माझी पाचर हुती म्हनून झाली. मला आदल्या दिवशी कळलं हुतं. मी सांगायलाच आलो हुतो, कारभारी बसले हुते, मी चहा पिऊन गेलो.

सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं. बाई बघत राहिल्या. मला वाटलं आता पोलीस, आता शिव्या, आता सरांची काठी. त्यातलं काय झालं असतं तर बरं झालं असतं.

सर म्हनले, मिस्त्री, मी पडलो तेव्हा माझ्या डोक्यापाशी लाकूड ओढल्यासारखा किर्र आवाज झाला. मला इतके दिवस वाटायचं, तुम्ही मशीन बंद करत होता.

मी म्हनलं, न्हाई सर. मशीन भिंतीवर आधीच बंद केलं हुतं. ती पाचर हुती.

म्हणजे मला उचलायच्या आधी?

व्हय सर. आधी.

सरांनी तोंड खिडकीकडं फिरवलं, जिकडं त्यांना उजेड कळतो तिकडं. बाई उठल्या आन् आत गेल्या. आत कपाटाचं दार वाजलं. मी तिथंच उभा, जावं की थांबावं कळंना. बाई बाहेर आल्या त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, केस विंचरून. मला वाटलं चौकीला निघाल्या. माझ्याकडं न बघताच म्हनल्या, मिस्त्री, यांच्याजवळ बसा. मी येते.

आन् गेल्या. फाटक वाजलं. सरांनी कान दिला आन् म्हनले, गेली? मी म्हनलं, गेल्या. सर म्हनले, एकटी? मी म्हनलं, एकट्या. मग सर म्हनले, कुठल्या बाजूला वळली? मी खिडकीतनं बघितलं, त्या चौकीच्या रस्त्याला गेल्या न्हाईत, देवळाच्या रस्त्याला वळल्या, त्यांच्या देवळाच्या, म्हंजे चर्चच्या. त्या दिवशी रविवार नव्हता, देवळात कोनी नसनार. तसं सांगितलं. सरांनी मान हलवली आन् त्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं, त्या डोळ्यांना बाकी काय दिसत न्हाई पन पानी येतं. बाई लई वेळानं आल्या. मी उठलो तर म्हनल्या, रविवारी पण या, सकाळी.

तवापासनं दर रविवारी जातो. बाई भक्तीला जातात, मी सरांपाशी बसतो. बाईंनी मला माफ केलं का, मी इचारलं न्हाई, त्या बी बोलल्या न्हाईत. पहिल्यासारखं हसून बोलत न्हाईत, चहा झाकून ठेवून जातात. सर माझ्याकडनं पेपर वाचून घेतात आन् अक्षर चुकलं की जागच्या जागी दुरुस्त करतात, म्हनतात, मिस्त्री, मोटर भरता तशी सावकाश वाचा. हौसाला बी सांगून टाकलं. ती दोन दिवस धुसफुसली, मग म्हनली, रविवारी उशीर करू नका.

पन भीती गेली असं समजू नका. ती तिथंच हाय, नुसती जागा बदलली. डॉक्टरांनी सांगितलंय, दुसरा पाय रोज बघायचा, बोटांच्या बेचक्यांत, टाचंला, कुठं चीर हाय का, लाली हाय का, कारन सरांना दिसत न्हाई आन् साखरेनं त्यांना दुखलेलं बी कळत न्हाई. इतर दिवशी बाई बघतात. रविवारी मी. कोमट पान्यानं धुतो, फडक्यानं टिपतो, दारापाशी उजेडात मांडीवर घेतो. सर पाय सैल सोडून बसतात. एकेक बोट वेगळं करून बघतो, नाक जवळ नेऊन वास बी घेतो.

आज बघून आलो. पाय कोरडा हाय. कुठं चीर न्हाई. देवानं तो असाच ठेवावा.